फेनेमा, रुचिरा आणि काकूंचा ठेचा

माझ्या टेबलावर दोन जाड पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात. एक 'फेनेमाज फूड केमिस्ट्री', हजाराहून जास्त पानांचं. दुसरं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. मी अमेरिकेला निघाले तेव्हा आईनं ते बॅगेत साड्यांच्या घडीत घालून दिलं होतं. साड्या गेल्या आठ वर्षांत चारदा नेसले असेन. पुस्तकाच्या पानांवर मात्र हळदीचे डाग पडले आहेत. पहिल्या पुस्तकानं मला पीएचडी मिळवून दिली, दुसऱ्यानं जेवू घातलं.

'रुचिरा' तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असेल. फेनेमा नसेल, आणि त्यावाचून तुमचं काही अडलंही नसेल. पण मी ज्या मोठ्या सरकारी विद्यापीठात फूड सायन्स शिकले, तिथे 'फेनेमा वाचलास का?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यापासून कानांवर पडतो. या दोन पुस्तकांची तुलना करणं कुणाला चमत्कारिक वाटेल. मला ती करावीशी वाटते, कारण दोन्ही पुस्तकं एकाच विषयावरची आहेत: अन्नाचं काय होतं, आणि आपण त्याचं काय करू शकतो. आणि दोन्ही पुस्तकांमध्ये एक जागा मोकळी सुटली आहे. परदेशात राहून घरचं जेवण करणारी आपण माणसं नेमकी त्याच जागेत राहतो.

आधी फेनेमाबद्दल. ओवेन फेनेमा हे मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९७६ साली आली. त्यानंतरच्या आवृत्त्यांच्या संपादनात त्याच विद्यापीठातले श्रीनिवासन दामोदरन आणि कर्क पार्किन आले. फेनेमा २०१२ मध्ये गेले, पण पुस्तकाच्या नावात अजून आहेत. पाणी, कर्बोदकं, मेद, प्रथिनं, एन्झाइम्स, जीवनसत्त्वं, रंग, स्वाद असा त्याचा क्रम. प्रकरणं वेगवेगळ्या तज्ज्ञांनी लिहिलेली, त्यामुळे काही रटाळ आहेत, काही सुरेख.

सगळ्यांत सुरेख प्रकरण पाण्याचं. पाण्यावर इतकी पानं कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. मधात साधारण सतरा टक्के पाणी असतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. शेंगदाण्यात दहा टक्के पाणी राहिलं तरी बुरशी धरते. म्हणजे पदार्थात पाणी किती आहे यावरून तो टिकेल की नाही ते कळत नाही. त्या पाण्यातलं किती 'मोकळं' आहे, जंतूंच्या उपयोगी पडण्यासारखं आहे, ते महत्त्वाचं. मधातलं पाणी साखरेनं अडवून ठेवलेलं असतं. याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ती शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाण्याची एक, मधाची ०.६ च्या आसपास. साधारण ०.८५ च्या खाली आजार पसरवणारे जीवाणू वाढू शकत नाहीत. लोणच्यातलं मीठ, पाकातली साखर, वाळवणाचं ऊन ही सगळी एकाच कामाला लागलेली माणसं आहेत, हे मला त्या प्रकरणानं दाखवलं. त्याआधी मी आयुष्यभर लोणचं खात होते, पण त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

त्याच भागात कुरकुरीत पदार्थ मऊ का पडतात याचं विवेचन येतं. तळलेल्या किंवा भाजलेल्या कोरड्या पदार्थातला स्टार्च काचेसारख्या अवस्थेत असतो, कडक आणि ठिसूळ. हवेतला ओलावा आत शिरला की ती काच सैल होते. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.३५ ते ०.५ च्या दरम्यान पोचली की कुरकुरीतपणा जातो. वर्गात हे समजून घ्यायला आम्हाला दोन तास लागले. मी वहीच्या कडेला एकच शब्द लिहिला: सादळणे. चिवडा सादळला, पापड सादळले. ही सबंध प्रक्रिया एका क्रियापदात मावते आणि ते क्रियापद माझ्या आजीला येत होतं.

ही गोष्ट मी मंडळातल्या मित्रांना सांगते तेव्हा लगेच कुणीतरी म्हणतं, 'बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.' इथे मला थांबावंसं वाटतं. आजीला चिवडा सादळतो हे ठाऊक होतं आणि डबा घट्ट लावायचा हेही ठाऊक होतं. का सादळतो हे ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे पदार्थ बदलला, हवा बदलली, डबा बदलला की तिचा अंदाज चुकायचा. शास्त्र काय देतं, तर नव्या ठिकाणी अंदाज बांधायची ताकद. फेनेमाचं मोठेपण तिथे आहे, आणि पूर्वजांच्या कौतुकात ते झाकून टाकणं बरं नाही.

आता माझी तक्रार. हजार पानांच्या या पुस्तकात अन्न आहे, पण जेवणारं माणूस कुठेच नाही. हे केमिस्ट्रीचं पुस्तक आहे, त्यात माणूस कशाला, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण पुस्तकात वेळ आहे, तापमान आहे, साठवण आहे. आणि ती वेळ जवळजवळ नेहमी गोदामाची आणि दुकानातल्या फळीची असते. पदार्थ एका ठिकाणी तयार होतो, खोक्यात जातो, ट्रकमधून फिरतो, फळीवर उभा राहतो. तिथून तो उचलला गेला की पुस्तकाचं काम संपलं.

जेवणारं माणूस अभ्यासक्रमात येतं ते दुसऱ्या विषयात, सेन्सरी सायन्समध्ये. तिथेही ते कसं येतं बघा. एका छोट्या कप्प्यात एकटं बसतं. पदार्थाचा रंग कळू नये म्हणून कधी कधी लाल दिवा लावलेला असतो. समोरच्या खिडकीतून तीन आकडी नंबर लावलेली वाटी येते. खाऊन नऊ पायऱ्यांच्या पट्टीवर खूण करायची: 'अतिशय आवडलं' पासून 'अतिशय नावडलं' पर्यंत, मध्ये 'आवडलंही नाही, नावडलंही नाही'. ही पट्टी शिकागोतल्या अमेरिकन सैन्याच्या अन्नसंस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत तयार केली. सैनिकांना कुठलं रेशन आवडेल ते ठरवायला. आज जगभर बिस्किटांपासून दह्यापर्यंत सगळं तिच्यावर जोखतात. पट्टी सोपी आहे, उपयोगी आहे, मी स्वतः शेकडो वेळा वापरली आहे. पण 'कसं झालंय?' हा प्रश्न ज्या भाषेत घरी विचारला जातो, त्या भाषेत उत्तर आकड्यात येत नाही.

एकदा आमच्या वर्गाला एका भाजलेल्या स्नॅकचं वर्णन करायला शब्द गोळा करायचे होते. 'क्रिस्प', 'क्रंची', 'हार्ड', 'ब्रिटल' असे चार शब्द फळ्यावर झाले आणि गाडी अडली. मला खुसखुशीत म्हणायचं होतं. कुरकुरीत वेगळं, कडक वेगळं, खुटखुटीत वेगळं. खुसखुशीत म्हणजे दाताला जाणवेल पण लढणार नाही, मोहन नीट पडलेलं. प्रशिक्षक बाई उत्सुकतेनं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, हे मोजता येईल असं सांग. मी सांगू शकले नाही. रवाळ, आसट, गिजगिजीत, वातड, लुसलुशीत, मऊसूत यांच्यापैकी एकाचीही मी पुढच्या पाच वर्षांत नीट व्याख्या केली नाही. तेव्हा मला तो अभ्यासक्रमाचा दोष वाटला. आता वाटतं, निम्मा दोष माझा होता. इंग्रजी शब्दांच्या व्याख्या आकाशातून पडल्या नव्हत्या. १९६३ मध्ये अलिना श्चेस्न्याक नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी बसून पोताच्या शब्दांची मोजता येईल अशी मांडणी केली, म्हणून ते शब्द आज यंत्रावर चढतात. आपल्या शब्दांसाठी तेवढं बसायला कुणीतरी हवं.

आता 'रुचिरा'कडे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे माप. तोळे-शेर आणि 'अंदाजानं' यांच्या ऐवजी कमलाबाईंनी घरातली वाटी आणि चमचा हातात दिला. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या माणसाला याचं मोल चटकन कळतं. दुसऱ्याला तसाच्या तसा पुन्हा करता येतो तोच प्रयोग खरा. ज्या मुलीला शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी नाही, तिलाही पदार्थ जमावा, हा त्या मापामागचा विचार आहे. म्हणून तर ते पुस्तक इतक्या बॅगांतून इतक्या देशांत गेलं.

पण हे पुस्तकही एक घर गृहीत धरतं. १९७० मधलं महाराष्ट्रातलं मध्यमवर्गीय घर. रोज स्वयंपाक होणारं, बाजार चालत जाण्याइतका जवळ, फ्रीज असला तर नशीब. तिथे चटणी वाटली की ती दोन-तीन दिवसांत संपते, कारण खाणारी तोंडं सहा-सात. वर्षभर टिकवायचं ते वेगळं: लोणचं, पापड, सांडगे, मसाले. त्यांचे नियम कडक. ओला चमचा घालायचा नाही, बरणीला दादरा बांधायचा. आजचं आणि वर्षाचं यांच्यामधली रेघ घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होती. म्हणून ती लिहावी लागली नाही.

आपण परदेशात आलो आणि ती रेघ पुसली. विचार करून बघा. रविवारी आठवड्याचं करून ठेवतो. पुरणपोळ्या चार महिने फ्रीझरमध्ये. थंडीत इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून आंबवतो. आई आली की जाताना सहा महिन्यांचं करून ठेवते. कृती तीच राहिली, तिचं वेळापत्रक बदललं. आणि कृती सुरक्षित होती ती बऱ्याच वेळा तिच्या वेळापत्रकामुळे.

हे मला कळलं ते एका बाटलीमुळे. मी ज्या गावात पीएचडी करत होते, तिथल्या मंडळात एक काकू होत्या. आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना त्यांचा हिरव्या मिरचीचा ठेचा मिळायचा. भरपूर लसूण, मिरच्या, मीठ, आणि टिकावा म्हणून वर दोन बोटं तेल. बाटली ओट्यावर, महिनाभर. दुसऱ्या वर्षी मी फूड मायक्रोबायॉलॉजी घेतलं आणि त्यात १९८५ ची व्हँकुव्हरची केस शिकले. तेलात बुडवलेला चिरलेला लसूण, फ्रीजबाहेर ठेवलेला. छत्तीस लोकांना बोट्युलिझम झाला. त्या जीवाणूच्या बीजाणूंना साध्या उकळण्यानं काही होत नाही, त्यांना हवा नको असते, आणि पीएच ४.६ च्या वर ते वाढू शकतात. लसूण आणि मिरची जमिनीशी संबंध असलेली, दोघांचा पीएच ४.६ च्या वर, आणि वरच्या तेलानं हवा बंद. विषाला वास नाही, चव नाही.

मी घाबरून काकूंकडे गेले. त्या हसल्या. "अगं, आमच्याकडे चाळीस वर्षं करतात ठेचा. कुणाला काही झालं नाही."

"काकू, तिकडे तो किती दिवस पुरायचा?"

त्या थांबल्या. "दोन दिवस. फार तर तीन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, मग तू सांग. लिंबू पिळलं तर किती दिवस ठेवू? तेल कमी केलं तर? मीठ वाढवलं तर?"

हे प्रश्न अगदी बरोबर होते. एखाद्या परीक्षकानं तोंडी परीक्षेत विचारावेत असे. आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. फेनेमात आम्ल, मीठ, पाणी यांची तत्त्वं होती, ठेचा नव्हता. 'रुचिरा'सारख्या पुस्तकांत ठेचा सापडेल, पण महिनाभर तेलाखाली राहिलेल्या बाटलीचं गणित नाही. मी चमचाभर ठेचा डबीत घालून लॅबमध्ये नेला, पीएच मोजला. ५.४ आला. लिंबू घातलेल्याचा खाली आला, पण किती लिंबू, कुठली मिरची, प्रत्येक वेळी तेवढाच का, हे एका मोजणीतून सांगता येत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की तेलातला ताजा लसूण फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तो सल्ला माझा नव्हता, इथल्या सरकारी पत्रकातला होता.

आता तुम्ही म्हणाल, एका विद्यापीठानं तुमच्या ठेच्याची काळजी का करावी? उत्तर त्या विद्यापीठाच्या जन्मात आहे. १८६२ च्या मोरिल कायद्यानं अमेरिकेतल्या राज्यांना जमिनी देऊन ही सार्वजनिक विद्यापीठं उभी केली. त्या जमिनी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. १८८७ मध्ये संशोधन केंद्रांचा कायदा आला आणि १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायद्यानं तिसरं काम नेमून दिलं: विद्यापीठातलं ज्ञान लोकांच्या शेतात आणि स्वयंपाकघरात पोचवायचं. याला एक्स्टेन्शन म्हणतात. फेनेमांच्याच विद्यापीठात १८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली चरबी मोजायची सोपी चाचणी काढली. त्याआधी पाणी घातलेल्या दुधाला आणि सकस दुधाला एकच भाव मिळे. बॅबकॉकनी चाचणीचं पेटंट घेतलं नाही, जो तो वापरू लागला. ही या विषयाची स्वतःची परंपरा आहे. तिच्याच मापानं मी तिला मोजते आहे.

ती परंपरा अजून जिवंत आहे. जॉर्जिया विद्यापीठात घरगुती साठवणीचं राष्ट्रीय केंद्र आहे. टोमॅटो, काकडीचं लोणचं, जॅम, सावरक्राउट यांच्या तपासून घेतलेल्या कृती कुणालाही फुकट मिळतात, किती आम्ल, किती मिनिटं हे सगळं सांगून. तिथे किमचीसुद्धा आहे. ठेचा मला सापडला नाही. असं काम होऊच शकत नाही असंही नाही. कॉर्नेलच्या कीथ स्टाइनक्रॉस यांनी १९८३ मध्ये जगभरच्या आंबवलेल्या पदार्थांचा जो ग्रंथ काढला, त्यात इडली-डोसा मानानं बसलेले आहेत.

मग आपले पदार्थ मागे का? पैशाचं कारण आहेच. माझा स्वतःचा प्रबंध मठ्ठा प्रथिनांच्या पेयात तळाला गाळ का बसतो यावर आहे. चीज करताना उरणाऱ्या निवळीपासून ही प्रथिनं काढतात आणि व्यायाम करणारे ती पितात. पैसे एका कंपनीचे होते. प्रश्न चांगला होता, मी त्यावर मनापासून काम केलं. पण तो प्रश्न ज्यांच्या फळीवरच्या बाटलीत गाळ बसत होता त्यांनी विचारला होता. काकूंकडे फळी नव्हती, ओटा होता. आणि दुसरं कारण आपण. या विभागांत भारतीय विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. मुंबईच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेतून, परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून मुलंमुली येत असतात. आम्ही सगळे ठेचा खात मोठे झालो आणि लॅबमध्ये दुसऱ्यांचे प्रश्न सोडवले. मला कुणी अडवलं नव्हतं. एक्स्टेन्शनचं ऑफिस माझ्या इमारतीपासून दहा मिनिटांवर होतं. सहा वर्षांत मी तिथे एकदाही गेले नाही. किमचीसाठी कुणीतरी गेलं असणार.

म्हणून फेनेमावरची माझी टीका अर्धीच फेनेमावर आहे. पुस्तकानं तत्त्वं दिली, आणि तत्त्वं भरवशाची आहेत. 'रुचिरा'नं मापं दिली, तीही भरवशाची आहेत. मधलं प्रकरण लिहिणाऱ्याला दोन्ही पुस्तकं यायला हवीत. त्या प्रकरणात काय असावं याची यादी माझ्याकडे आता आहे: ठेच्याला किती लिंबू, ओल्या नारळाच्या चटणीचं फ्रीजमधलं आयुष्य, कमी मिठाच्या लोणच्याचं काय करायचं, कारण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर आपण लोणच्यातलं मीठ निम्मं करतो आणि बरणी मात्र पूर्वीच्याच जागी ठेवतो.

या वर्षी पोस्टडॉकसाठी मी गाव बदललं. नव्या विद्यापीठातल्या एक्स्टेन्शनच्या बाईंना मागच्या महिन्यात भेटून आले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे किती घरांत करतात?" मला आकडा सांगता आला नाही. नमुने जमवून आण, म्हणाल्या, मग बघू.

तेव्हा तुम्हाला एक विचारते. तुमच्या फ्रीजमध्ये, ओट्यावर, कपाटात आत्ता काय काय आहे, कधी केलेलं आहे, आणि ते तिथे ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं? एका कागदावर लिहून बघा. काकूंनी ते केलं. आता त्यांचा ठेचा बर्फाच्या ट्रेमध्ये चौकोन करून फ्रीझरमध्ये असतो, आणि डब्यावर तारीख असते. चव थोडी उतरते, असं त्यांचं म्हणणं आहे. ते खरं आहे, मी खाल्ला आहे.